हवेत बंद पडणारं इंजिन

इंजिन हवेत बंद पडतं म्हणून ते काढून टाका, असं त्या हिवाळ्यात मला ज्यांनी ज्यांनी सांगितलं, त्यांच्या घरातला मिक्सर, गिझर आणि नवरा यांपैकी काहीच कधी मध्येच बंद पडत नसावं. मी ते काढून टाकलं नाही. ही त्याचीच गोष्ट आहे, आणि ती सांगताना मी फारशी नम्र राहणार नाही, हे आधीच सांगून ठेवते.

मी मुलुंड पूर्वेला राहते. सगळी नोकरी टेलिफोनच्या तक्रार विभागात गेली. निवृत्त होण्याच्या बऱ्याच आधी मला रिमोटवर उडणाऱ्या विमानांचा नाद लागला होता. खरं तर मुलाला सुट्टीत त्या वर्गाला घातलं होतं. मुलगा आठवड्याभरात कंटाळला, मी राहिले. तो आता परदेशात आहे आणि अजून फोनवर विचारतो, "आई, तुझं ते खेळणं कसं आहे?" मी त्याला दर वेळी सांगते की खेळणं तुझ्या हातात असतं, रात्रंदिवस, माझं विमान आहे.

विमान साधंच आहे, शिकाऊ लोक घेतात तसलं. पंख वरच्या बाजूला, रबरबँडने बांधलेला. पुढे मुठीत मावेल एवढं टू-स्ट्रोक इंजिन. मिथेनॉल, एरंडेल तेल आणि थोडं नायट्रो यांच्या मिश्रणावर ते चालतं. उडवून घरी आलं की ओढणीपासून घड्याळाच्या पट्ट्यापर्यंत सगळ्याला एरंडेलाचा जळका वास येतो. मला तो आवडतो. लिफ्टमध्ये बाकीच्यांना आवडत नाही, त्याला माझा इलाज नाही.

आम्ही काही जण रविवारी सकाळी खाडीच्या बाजूला, मिठागरांच्या कडेच्या एका पडीक जमिनीवर जमतो. जमिनीच्या मालकापासून पोलीस चौकीपर्यंतच्या सगळ्या परवानग्या ज्यांनी खेटे घालून मिळवल्या, त्यांना सगळे काका म्हणतात. मीही म्हणते, वयात फार अंतर नसलं तरी. काका कारखान्यात मोठे साहेब होते. आता मैदानाच्या कडेला घडीची खुर्ची टाकून बसतात आणि कुणी कधी उडवायचं, कुठून उतरवायचं, डबा कुठे ठेवायचा, सगळं सांगतात. पहिल्या दिवशी त्यांनी मला "या वहिनी" म्हटलं होतं. मी म्हटलं, "माझा नवरा इथे येत नाही, तेव्हा मी इथे कुणाची वहिनी नाही." तेव्हापासून ते मला मॅडम म्हणतात, आणि त्या मॅडममध्ये थोडं मीठ असतं.

गेल्या काही वर्षांत एकेकाने इंजिन सोडलं. बॅटरीवर चालणारी विमानं आली, स्वस्त झाली. बटण दाबा, उडवा, घरी न्या. ना तेल, ना वास, ना दांडीने पंखा फिरवून बोटं फोडून घेणं. काकाही बॅटरीवर गेले. शेवटी इंजिनवाली मी एकटीच उरले, आणि मी विमान सुरू केलं की बाकीचे, कुणी लहान मूल रडायला लागल्यावर बघतात तसे वळून बघायचे.

दर दसऱ्याला आम्ही मैदानावरच विमानांची पूजा करतो. काकांच्या घरी गिरणीच्या काळापासून यंत्राची पूजा करायची पद्धत, तीच त्यांनी इथे आणली. चटईवर सगळी विमानं मांडायची, झेंडूची फुलं, हळदकुंकू, नारळ. अक्षता त्यांच्या स्वतःच्या, कुंकवात घोळवलेल्या, नेहमी खिशात असणाऱ्या स्टीलच्या डबीतून आणलेल्या. त्या दसऱ्याला मी विमानाला नवी टाकी बसवत होते. टाकी म्हणजे प्लॅस्टिकची छोटी बाटली. रबरी बूच, बुचातून जाणाऱ्या नळ्या, आणि आतल्या नळीच्या टोकाला पितळेचं वजन, ज्याच्या भोकातून इंधन ओढलं जातं. विमान कसंही वळलं तरी ते वजन इंधनाच्या मागे लोळत जातं आणि इंजिनाला घोट मिळत राहतो. माझं बूच हातात होतं आणि टाकी उघडी चटईवर, तेवढ्यात काका म्हणाले, "मॅडम, पूजा होईपर्यंत हात लावायचा नाही कशाला. आहे तसं राहू द्या." मी राहू दिलं. पूजा झाली, पेढा खाल्ला, बूच लावलं, टाकी फोममध्ये गुंडाळून विमानाच्या पोटात बसवली.

इंजिन बंद पडायला लागलं ते त्यानंतर. पण दसऱ्याशी त्याचा संबंध कोण लावणार? दिवाळीपर्यंत तर सगळं सुरळीत वाटत होतं. मग एका रविवारी छान वर गेलं, वळलं, आणि आवाजच गेला. हवेत इंजिन बंद पडलं की सगळ्या मैदानाला कळतं, कारण अचानक बगळ्यांचे आवाज ऐकू यायला लागतात. कसंबसं उतरवलं. खाली आणून दांडीने पंखा फिरवला, पहिल्या झटक्यात सुरू. पुन्हा उडवलं, पूर्ण टाकी संपेपर्यंत काही झालं नाही. पुढच्या रविवारी वर जाताच बंद. खाली आणलं की चालू.

सल्ल्यांना तोटा नव्हता. एकाने सांगितलं प्लग गेला. दुसरा म्हणाला इंधन कमीजास्त करणारी सुई घट्ट आहे, जरा उघडा. तिसरा म्हणाला मुंबईची हवा, मिथेनॉल पाणी ओढून घेतं, कॅन फेकून द्या. काकांचं निदान एकच होतं. "इंजिन म्हातारं झालंय, मॅडम. वाट लागली त्याची. किती दिवस ओढणार?"

मला माझं काम येतं. सगळ्या नोकरीत मी तेच केलं. लोक फोन करायचे, लाइन मध्येच डेड होते. तपासायला जावं तर लाइन चालू. आमच्याकडचे काही जण मग "लाइन ठीक आहे" असा शेरा मारून तक्रार मिटवून टाकायचे आणि चहाला जायचे. मी कधी मिटवली नाही. जो बिघाड सारखा असतो तो सापडतोच. जो आपण बघायला गेलो की दडून बसतो, त्याला धीर धरून एकेक वाट बंद करत गाठावं लागतं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर काय बदलल्याने काय झालं ते देवालाही कळत नाही.

म्हणून मी एकेक बदलत गेले. नवा प्लग घातला, तरी बंद पडलं. ताजं इंधन आणलं, तरी तेच. सुई थोडी उघडली, तर धूर जास्त यायला लागला आणि बंद पडायचं ते पडलंच. बाहेरच्या नळ्या बदलल्या, बादलीतल्या पाण्यात धरून फुंकून बुडबुडे बघितले. सायलेन्सरमधून टाकीत दाब नेणारी नळी काढून साफ केली. कार्ब्युरेटर उघडून धुतला. मैदानावर विमानाचं नाक आकाशाकडे करून, पूर्ण जोरात इंजिन चालवून धरलं, हात भरून येईपर्यंत. ते आपलं खणखणीत गात राहिलं. टाकीही बघितली, म्हणजे पोटातून न काढता पुढूनच बूच ओढून आतली नळी आणि वजन तपासलं, परत घातलं. विमान हलवलं की वजन आत टकटक वाजतं, ते मोकळं फिरतंय याची तीच खूण. वाजत होतं. म्हटलं, टाकी ठीक.

पण एक गोष्ट माझ्या कानाने टिपली होती. बंद पडण्याआधी क्षणभर आवाज बारीक आणि उंच व्हायचा. इंधन जास्त झालं तर इंजिन घोगरं होत, ढेकर देत थांबतं. हे तसं नव्हतं. हे घशाशी घोट न पोचलेलं इंजिन होतं. मी हे काकांना सांगितलं. ते म्हणाले, "इतक्या लांबून तुम्हाला आवाज कळतो?" मी म्हटलं, "कळतो." ते बाकीच्यांकडे बघून हसले. तेव्हा मला जो राग आला तो मी अजून विसरलेले नाही.

मग तो रविवार आला. विमान मैदानाच्या वर असतानाच आवाज बारीक झाला, गेला, आणि वारा मागून. मी नाक खाली घालून वळवलं, पण उंची पुरली नाही. ते काकांच्या खुर्चीच्या मागे, त्यांच्या डोक्यावरून जाऊन गवतात घुसलं. पंख फाटला. कुणाला लागलं नाही, पण काका चांगलेच हादरले होते, आणि हादरलेला माणूस मोठ्याने बोलतो.

"बास. पुढच्या रविवारपासून इथे फक्त बॅटरीवाली."

"कुणी ठरवलं?"

"मी. परवानगी माझ्या नावावर आहे, मॅडम. उद्या कुणाच्या डोक्यात बसलं तर पोलीस मला उचलणार, तुम्हाला नाही."

"बॅटरी हवेत संपत नाही का?"

"ते वेगळं."

"वेगळं कसं ते सांगा ना."

गटातला बँकेत काम करणारा एक जण मध्ये पडला. "ताई, जाऊ द्या ना यार. मस्त इलेक्ट्रिक मिळतात आता. मी ऑर्डर करून देतो." तो मनाने चांगला आहे. पण माझं वय झालं तेव्हापासून मला सगळे असंच मऊ आवाजात काही ना काही सोडायला सांगतात. ऑफिस सोडलंत, आता आराम करा. गुडघे आहेत, आता जिने सोडा. विमान म्हातारं झालंय, सोडा. एकाही माणसाने अजून मला काही धरायला सांगितलेलं नाही.

बॅटरीचं विमान मी उडवून बघितलंय. वाईट नसतं. पण ते उडवताना माझ्या कानांना काम राहत नाही. आयुष्यभर मी लोकांच्या कुरकुरी ऐकल्या, आणि या एका इंजिनाची कुरकुर अशी आहे जी ऐकून मी स्वतःच्या हाताने सुई फिरवून मिटवू शकते. ते माझ्याकडून काढून घेतलं तर रविवारी माझं तिथे काय उरतं?

मी म्हटलं, "पुढच्या रविवारी मी एक पूर्ण टाकी उडवून दाखवते. मध्ये बंद पडलं तर इंजिन घरी. आणि मीही घरी. बॅटरी घेऊनही येणार नाही."

काका म्हणाले, "तुमच्या तोंडचं आहे हे. मी नाही म्हटलेलं."

"माझ्याच तोंडचं आहे."

आठवडाभर मी पंख चिकटवला, आणि डोक्यात एकच गोष्ट घोळत होती: घोट कुठे अडतो? बाहेरचं सगळं नवं होतं. उरली होती फक्त टाकी, जी मी विमानाच्या पोटातून एकदाही बाहेर काढली नव्हती. काढायची म्हणजे इंजिनाचे स्क्रू, पुढची भिंत, फोम, सगळा पसारा. शनिवारी दुपारी जेवणं झाल्यावर मी तो पसारा मांडला. नवरा टेबलाशी वाल सोलत बसला होता. तो कोकणातला, चिडवायचं असलं की मालवणीत शिरतो.

"काय गो, अजून गावला नाय?"

"नाही. आणि आता बोलू नकोस."

टाकी बाहेर आली. राहिलेलं इंधन बुचाच्या नळीतून पंपाने कॅनमध्ये ओढून घेतलं. नेहमी असंच रिकामं करतो आम्ही. मग बूच काढलं, त्याच्याबरोबर आतली नळी आणि पितळेचं वजन बाहेर आलं. ते सगळं मी डाव्या हातात धरलं आणि उजव्या हाताने रिकामी बाटली, सवयीने, हलवली.

आत काहीतरी वाजलं.

अगदी हलका आवाज, वजनाचा नव्हे. वजन तर माझ्या डाव्या हातात होतं. मी पुन्हा हलवलं. पुन्हा वाजलं. इतके रविवार मी विमान हलवून ती टकटक ऐकत होते आणि टाकी ठीक म्हणत होते, आणि त्या टकटकीच्या आड हे दुसरं लपून वाजत होतं.

मी टाकी न्हाणीघरात नेली, स्टीलची जुनी ताटली धरली आणि बाटली उलटी करून आपटली. तेलकट थेंबांबरोबर एक तांदळाचा दाणा पडला. अख्खा, न तुटलेला. मिथेनॉलने त्याचा रंग बहुतेक धुऊन नेला होता, पण एका टोकाला लाली राहिली होती. मी तो पितळेच्या वजनाच्या भोकाशी धरला. बूच बसावं तसा बसला.

मग सगळं उलगडत गेलं. विमान मैदानावर स्थिर असलं की दाणा कोपऱ्यात पडून राहायचा. हवेत वळताना, उलटसुलट होताना इंधनाबरोबर वाहत जाऊन कधीतरी भोकाशी जायचा आणि ओढीने तिथेच चिकटायचा. इंजिन उपाशी, बंद. बंद पडलं की ओढ थांबायची, दाणा सुटून खाली. मी विमान उचलून आणेपर्यंत तो पुन्हा कोपऱ्यात गरीब चेहरा करून बसलेला. आणि नळीतून टाकी रिकामी करताना तो बाहेर यायचा प्रश्नच नव्हता.

लाल अक्षता आमच्या घरी नसतात, आम्ही हळदीच्या करतो. ही कुणाच्या डबीतली ते मला सांगायला कुणाची गरज नव्हती. आहे तसं राहू द्या, हात लावायचा नाही. मी न्हाणीघरात उभी राहून मोठ्याने हसले, आणि हसता हसता मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं.

नवरा दारात आला. त्याने ताटलीत बघितलं, मी सांगितलं ते ऐकलं आणि म्हणाला, "अक्षता ती. फेकू नको हां."

"फेकते कशाला. ज्याची त्याला देणार आहे."

टाकी धुतली, सुकवली, बूच लावलं, सगळं परत बसवलं. दाणा कागदात गुंडाळून पर्समध्ये ठेवला. काकांना काय काय ऐकवायचं याची मी भांडी घासताना तालीम केली. पण मनात धाकधूकही होती. दाणा निघाला म्हणजे बिघाड निघाला, हे हवेत जाईपर्यंत नक्की नव्हतं. नोकरीतही एक वायर सापडली म्हणून आनंदाने तक्रार मिटवावी आणि दुसऱ्या दिवशी तोच ग्राहक ओरडत यावा, असं झालेलं आहे.

रविवारी सगळे वेळेआधी आलेले होते. मी दाण्याचं काही बोलले नाही. आधी दाणा दाखवला असता तर लोकांनी दाण्याचीच चर्चा केली असती, आणि मला आधी उडवायचं होतं. टाकी काठोकाठ भरली, प्लगला सेल लावला, दांडीने पंखा फिरवला. सुरू झालं. मी सोडलं.

त्या दिवशी मी काही हातचं राखलं नाही. नुसतं गोल गोल फिरवून टाकी संपवता आली असती. मी ते उभं चढवलं, उलटं केलं, गोते दिले, घट्ट वळणं घेतली. दाण्यासारखं अजून काही आत असेल तर त्याने आत्ताच बाहेर यावं म्हणून. प्रत्येक वळणावर मी तो बारीक, उंच आवाज येतो का ते ऐकत होते. आला नाही. इंजिन एकाच सुरात चालत राहिलं, आणि मला कळत होतं की मागे उभे असलेलेही ऐकताहेत. टाकी संपत आली की शेवटी आवाजाला जी धार येते ती आली. आता घोटभरच इंधन उरलं होतं. पैज मी जिंकले होते.

आणि तेव्हा मी विमान चांगलं उंच नेलं, वाऱ्याची दिशा बघितली, आणि रिमोटवरून थ्रॉटल पूर्ण खाली ओढून इंजिन बंद केलं.

बगळे ऐकू यायला लागले. मागे कुणीतरी हळूच "अरेरे" म्हणालं. मी घाई केली नाही. नाक किंचित खाली ठेवून एक मोठं वळण घेतलं, दुसरं लहान, वाऱ्यासमोर आणलं आणि मैदानाच्या मधोमध, चाकांवर, हलकेच उतरवलं. ते घरंगळत येऊन माझ्यापासून थोड्या अंतरावर थांबलं.

"पडलं शेवटी बंद," काका म्हणाले. आवाजात आनंद नव्हता, हे मला मान्य केलं पाहिजे.

"पडलं नाही. मी केलं."

"का?"

"बंद इंजिनाचं विमान कुणाच्या डोक्यात बसतं म्हणालात ना? बघा कुठे बसलंय. मागच्या वेळी उंची नव्हती, आणि उंची नसताना कुणाचंही पडेल. तुमचंही."

मग मी पर्स उघडली, कागद सोडला आणि दाणा त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी चष्मा वर केला. "हे काय?"

"दसऱ्याची अक्षता. तुमच्या डबीतली. माझी टाकी उघडी होती, आणि तुम्ही हात लावू दिला नव्हता. इतके रविवार इंजिन म्हातारं नव्हतं, काका. त्याच्या घशात हा होता."

बँकवाला हसायला लागला आणि काकांकडे बघून थांबला. तालमीतली बाकीची सगळी वाक्यं माझ्या तोंडाशी होती. ती मी बोलले नाही, कारण काका त्या दाण्याकडे बघत होते आणि त्यांचे कान लाल झाले होते. त्यांनी तो बोटांनी फिरवून बघितला. कारखान्यातले साहेब ते. भोकाची मापं त्यांना मी सांगायची गरज नव्हती. त्यांनी तो टाकून दिला नाही, हेही मी बघितलं. खिशातून स्टीलची डबी काढली, दाणा आत ठेवला, झाकण दाबून लावलं.

माफी त्यांनी मागितली नाही. मला ती नकोच होती, मला मैदान हवं होतं.

"मग आता?" ते म्हणाले.

"आता दुसरी टाकी," मी म्हटलं, आणि कॅन उघडून पंप फिरवायला लागले. काका उठले, खुर्ची घडी केली, जरा मागे नेली आणि तिथे पुन्हा उघडून बसले.